वावरातले बैल, पटातले बैल

ड्रॅग रेसच्या रील तुमच्याही फोनवर येत असतील. सरळसोट रस्ता, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्या. दिवा हिरवा झाला की दोन्ही सुटतात आणि पंधरा सेकंदांच्या आत सगळं संपतं. वळण नाही, चढ नाही. सुटायचं आणि सरळ जायचं.

अमेरिकेत या खेळाची संघटना १९५१ मध्ये उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावाजवळ झाली. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. या खेळात एक वर्ग आहे, 'स्टॉक'. कारखान्यातून आली जवळपास तशीच गाडी. मुळात त्यात कल्पना अशी की आठवडाभर तुम्हाला कामावर नेणारी गाडीच रविवारी पळणार. तिकडचे म्हातारे अजूनही त्या वर्गातल्या जुन्या गाड्यांच्या आणि चालकांच्या आठवणी काढतात, कोण किती सेकंदांत गेला यावर वाद घालतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते सगळं ओळखीचं वाटलं. माझं गाव अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात. आमच्याकडेही म्हातारे असेच वाद घालायचे. फरक इतकाच, की आमच्याकडे इंजिनाच्या जागी दोन बैल होते आणि खेळाचं नाव होतं शंकरपट.

आधी रस्ता, मग पट

कोणतीही शर्यत आधी रस्त्यावर सुरू होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडची पोरं आरएक्स १०० घेऊन नागपूर-अमरावती हायवेवर जे करायची, ते त्यांच्या आज्यांनी त्याच वाटेवर दमणी घेऊन केलेलं होतं.

दमणी म्हणजे हलकी, माणसं नेणारी बैलगाडी. माल वाहायला बंडी आणि बाजाराला, लग्नाला, पाहुण्यांकडे जायला दमणी. ज्याच्या दारात दमणी, तो जरा बऱ्यापैकी शेतकरी. बाजारातून परतताना मागून दुसऱ्या दमणीची घुंगरं ऐकू आली की पुढचा माणूस नुसता कासरा सैल करायचा. बैलांना एवढं पुरायचं. पुढची धूळ मागच्याच्या तोंडात जायची आणि त्या धुळीची चर्चा गावात आठवडाभर चालायची.

हे सगळं ज्या प्रदेशात चाललं तो कापसाचा प्रदेश आहे. कापूस म्हणजे वाहतूक आणि वाहतूक म्हणजे बैल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेच्या काठी जायचा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तिच्या वाटेवर चांदूर, धामणगाव ही आमच्या बाजूची स्टेशनं आली आणि लांबचा तांड्याचा प्रवास संपला. पण वावरापासून जिनिंगपर्यंत, जिनिंगपासून स्टेशनापर्यंत बैल होतेच. उलट वाढले. पुढची शंभर वर्षं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची पत त्याच्या कोठ्यात बांधलेल्या जोडीवरून ठरली.

नदीपलीकडची जात

तिवसा तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी. काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिला कृष्णानं रथात बसवून नेलं आणि मागे पाठलाग झाला, ही कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. आमच्या भागातली पहिली शर्यत तीच, असं आबाजी म्हणायचे. आबाजी म्हणजे माझे आजोबा.

नदी ओलांडली की वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके. गवळाऊ जातीचं हे घर. पांढरा किंवा करडा रंग, अंगानं हलका, पाय लांब, चाल झपझप. या जातीबद्दल असं सांगितलं जातं की मराठ्यांच्या काळात फौजेचं सामान डोंगराळ मुलखातून झटपट हलवण्यासाठी तिला चपळ चालीचं वळण दिलं गेलं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्रही आहे.

जातिवंत गवळाऊ बैलाची खरी ओळख त्याच्या चालीत होती. वखर ओढताना तो पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या खिल्लारासारखा दणकट दिसायचा नाही. पण काळ्या मातीत दिवसभर डवरणी करून संध्याकाळी तोच दमणीला जुंपला, तर तो पुन्हा ताज्या बैलासारखा निघायचा. म्हणून आमच्याकडच्या माणसाला एका जोडीत दोन्ही कामं मिळायची. वेगळा शर्यतीचा बैल पाळायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती.

पट कसा चालायचा

खरिपाचा माल घरात आला, कापसाची वेचणी उतरणीला लागली, तुरी निघाल्या की पटाचे दिवस. संक्रांतीपासून पुढे महाशिवरात्रीपर्यंत आणि कुठे त्याच्याही पुढे. शंकराच्या नावाचं हे म्हणूनही असावं, असं लोक मानतात. नंदी त्याचाच. भंडारा-गोंदियाकडे झाडीपट्टीत पट म्हटला की रात्रीचं नाटक आलंच. आमच्या बाजूला नाटकाचा तेवढा जोर नाही. आमच्याकडे पटाचं मोठं नाव म्हणजे धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर. तिथला पट पिढ्यान्‌पिढ्यांचा, लांबलांबच्या जोड्या येणारा. तिथे महिलांचा वेगळा पटही होत आला आहे. ज्यांनी बायकांना कासरा धरून उभं राहिलेलं पाहिलं नाही, त्यांनी तो जरूर पाहावा.

पट्टी सरळ असते. माती नांगरून, ढेकळं फोडून, मऊ केलेली, म्हणजे खूर घसरत नाही आणि सांध्याला मार कमी बसतो. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळाशी पळते. गाडी म्हणजे नावापुरता सांगाडा, दोन चाकं आणि एक दांडी. त्यावर धुरकरी अर्धवट बसलेला, अर्धवट उभा. झेंडी पडली की सुटायचं. पुढच्या काही सेकंदांत वर्षभराचा खुराक, मशागत आणि फुशारकी यांचा निकाल.

गाड्यांच्या ड्रॅग रेसमध्ये जाणकार सांगतात की अर्धी शर्यत सुरुवातीलाच जिंकली जाते. पटातही तसंच. फरक असा की इथे इंजिनं दोन आणि दोघांना स्वतःचं डोकं आहे. एक बैल क्षणभर आधी उठला तर जू तिरपं होतं आणि जोडी पट्टीबाहेर जाते. म्हणून सर्वांत वेगवान दोन बैल एकत्र जुंपले की सर्वांत वेगवान जोडी होते, असं नाही. पावलाला पाऊल जुळावं लागतं. डावीकडे चालणारा बैल आयुष्यभर डावीकडेच चालतो. त्याला उजवीकडे जुंपलं तर तो बावचळतो. नव्या गोऱ्ह्याला आधी शांत, कसलेल्या बैलाशेजारी जुंपतात. तो माणसापेक्षा त्या बैलाकडून जास्त शिकतो.

हे शिक्षण पट्टीवर होत नव्हतं. वावरात होत होतं. तिफन सरळ चालली पाहिजे, तासाला तास लागलं पाहिजे, म्हणून जोडी एका लयीत पाय टाकायला शिकायची. आबाजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वावरात जो पाय उचलत नाही, थो पटात काय धावन?"

नावं आणि सेकंद

आबाजींची जोडी ढवळ्या आणि पाखऱ्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. ढवळ्या उजवा, पाखऱ्या डावा. मी त्यांना पाहिलेलं नाही, फोटोही नाही. तरी मला ते दोघं कसे दिसायचे ते सांगता येईल. पाखऱ्याचं एक शिंग किंचित आत वळलेलं. ढवळ्याला पाण्याची भीती, त्यामुळे नदीवर धुवायला नेताना पाखऱ्या पुढे. सरकी दोघांना आवडायची, ढेप फक्त ढवळ्याला.

आमच्या पारावर असे चार-पाच म्हातारे होते आणि प्रत्येकाकडे अशी एक जोडी होती. त्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट नेहमी जाणवायची. बैलाचं नाव, त्याची बाजू, त्याची खोड, पटाचं गाव हे सगळं त्यांना पाठ. धुरकऱ्याचं नाव बहुतेक वेळा आठवायचं. बक्षीस किती होतं ते क्वचित. कुणाकडे कागद नव्हता. कुठल्या वहीत या जोड्यांची नोंद असेल, तर ती आमच्या पारापर्यंत कधी आली नाही. अमेरिकेतल्या त्या जुन्या गाड्यांच्या वेळा छापील आहेत, फोटो आहेत, संग्रहालयं आहेत. आमच्या गावापुरता पटाचा इतिहास चार-पाच म्हाताऱ्यांच्या डोक्यात होता. ते गेले तसतसा तोही गेला.

ढवळ्या-पाखऱ्याची गोष्ट पाच हंगामांत संपली. मोठ्या आत्याच्या लग्नाला पैसे कमी पडले आणि पाखऱ्या विकावा लागला. ढवळ्यासोबत दोन-तीन बैल जुंपून पाहिले. वखराला तो कुणाबरोबरही चालायचा. पट्टीवर मात्र झेंडी पडली की मान डावीकडे वळवून उभा राहायचा. आबाजींनी त्याला पुन्हा पटाला नेलं नाही. नंतर ते स्वतः नुसते पाहायला म्हणून जायचे.

बंदीच्या आधीच काय गेलं होतं

पटाची गोष्ट आज सांगितली की लोक ती कोर्टापासून सुरू करतात. ती गोष्ट खरी आहे आणि तारखा नीट लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं एका अधिसूचनेनं बैलाचं नाव त्या यादीत घातलं, ज्या यादीतल्या प्राण्यांना खेळासाठी शिकवायला आणि लोकांपुढे नाचवायला मनाई आहे. यादीत आधी अस्वल, माकड, वाघ, सिंह असे प्राणी होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. ७ जानेवारी २०१६ ला केंद्रानं सूट दिली, पाच दिवसांत न्यायालयानं तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

पण आमच्या गावात पटाची जोडी संपली ती २०१४ च्या पुष्कळ आधी. एकेका घरात ट्रॅक्टर आला, ज्याच्याकडे नव्हता त्यानं भाड्यानं लावला. नांगरणीला बैल नको झाला, मग वाहतुकीला, मग डवरणीपुरता उरला. दमणीची जागा आधी सायकलीनं आणि मग मोटारसायकलीनं घेतली. चारा महाग झाला. कापूस-सोयाबीनच्या पेऱ्यात ज्वारी मागे पडली आणि ज्वारीबरोबर कडबाही. वर्षाचे दोन महिने काम असलेली जोडी बारा महिने पोसायची कुणी? २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा म्हाताऱ्या बैलाचं करायचं काय हा आणखी एक प्रश्न कोठ्यात येऊन उभा राहिला.

कोर्टानं पट थांबवला तेव्हा आमच्या पारावर संताप झाला. मात्र त्या दिवशी पारावर बसलेल्यांपैकी एकाच्याही दारात पटाची जोडी नव्हती.

आबाजींनी सांगितलेली दुसरी गोष्ट

२०१४ च्या त्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी होतो. मराठी पेपरात निकालाची बातमी होती. आबाजींची नजर गेलेली, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. शर्यतींत बैलांना काय केलं जातं त्याचं वर्णन होतं. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं. बैलाचं शरीर घोड्यासारखं धावण्यासाठी बनलेलं नाही, असंही न्यायालयानं म्हटलं होतं.

या शेवटच्या वाक्याला आबाजी हसले. म्हणाले, "मंग दमणी काय थे हत्ती ओढे का?"

मला वाटलं आता ते कोर्टाला नावं ठेवतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पयल्याचं जे लिवलं हाये, थे खोटं नाही पोट्ट्या."

ढवळ्या-पाखऱ्या ज्या वर्षी पहिले आले, ज्या पटाची गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती, त्या पटाची त्यांनी मला पुन्हा एकदा गोष्ट सांगितली. "थ्या साली म्या तुतारीची आर घासून नेली होती. पाखऱ्याच्या पुठ्ठ्याले लागली. रगत आलं. जोडी पयली आली. घरी आनून म्या हळद भरली. चार दिवस त्यानं माह्या हातचं कुटार खाल्लं नाही."

तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, तिच्या टोकाला असते ती आर. वावरात ती बहुतेक वेळा दाखवण्यापुरती असते.

मी तोवर स्वतःला एक सोयीची गोष्ट सांगत आलो होतो. जुन्या काळी पटाचा बैल कामाचा बैल होता, सोमवारी त्याला वखराला जुंपायचं होतं, म्हणून रविवारी त्याला कुणी इजा करत नसे. यात तथ्य आहे. ज्याच्यावर घर चालतं त्याचा पाय मोडला तर घर मोडतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण आबाजींनी आर घासली ती याच काळात, याच बैलावर, ज्याची खोड न खोड त्यांना ठाऊक होती. त्या वर्षी कुणी मोठं बक्षीसही लावलेलं नव्हतं. मिळाला होता एक पितळी हंडा. तो अजून घरात आहे.

प्रेम होतं आणि आर होती. पारावरच्या आठवणींत प्रेम टिकलं, आर गळाली. मीही ती कधी विचारली नव्हती.

परतलेला पट

आबाजी २०२१ चा निकाल ऐकायला नव्हते. पट परत आले, आता नियमांसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक-टोचणीला मनाई, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको. नियम मोडून बैलाला वेदना दिली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी कायद्यातली तरतूद. पश्चिम महाराष्ट्रात तर शर्यतींना थार, ट्रॅक्टर, जेसीबी अशी बक्षिसं लागली. बकासूरसारख्या बैलांचे रील लाखो लोक बघतात. त्याच्या एकेका धावेचा व्हिडिओ राहणार आहे. ढवळ्या-पाखऱ्याच्या नशिबात ते नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्याच भागातल्या एका पटाला गेलो. गर्दी होती, ड्रोन होता. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लाउडस्पीकरवर सांगत होते. एका तरुण धुरकऱ्याची जोडी देखणी होती, पांढरीशुभ्र. मी त्याला विचारलं, "हे वावरात चालतात का?"

तो हसला. "नाही दादा. वावराले ट्रॅक्टर हाये. यायले फक्त पट. दूध, अंडे, खारीक, रोज मालिश. आमच्यापेक्षा चांगलं खाते हे."

खरंच होतं. बैल तुकतुकीत होते, अंगावर एक ओरखडा नव्हता. माझ्या आबाजींच्या पाखऱ्यापेक्षा त्यांची निगा जास्त होती. पण ज्याला तिकडे 'स्टॉक' म्हणतात, तो वर्ग इथे आता उरलेला नाही. हे बैल पटासाठीच घेतलेले, पटासाठीच पोसलेले. पळणं थांबलं की त्यांना दुसरं काम नाही. ढवळ्या पट सोडल्यावर नऊ वर्षं वखर ओढत होता. या जोडीला पुढची नऊ वर्षं कोण पोसणार, हे त्या पोराला विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. तो जिंकून आला होता.

शेजारी एक म्हातारा उभा होता. आमचं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "तुम्ही कोनाचे?" मी गाव सांगितलं, आबाजींचं नाव सांगितलं. त्यानं क्षणभर डोळे मिटले.

"पाखऱ्या," तो म्हणाला. "डाव्या बाजूनं चाले. एक शिंग असं आत. थ्या साली काय सुटली होती जोडी बाप्पा! कोनाले दिसलीच नाही."

चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी काही सेकंद पाहिलेला बैल त्याला शिंगासकट आठवत होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला मिठीच मारणार होतो. मग मला हळद आणि कुटार आठवलं. मी त्याला आरेची गोष्ट सांगितली, आबाजींच्या शब्दांत, जशी ऐकली तशी.

तो बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. पुढची जोडी सुटायची होती. "आमच्याबी जोडीले लागली होती एकदा," तो म्हणाला. मग त्यानं त्याच्या बैलांची नावं सांगितली, कोणता उजवा, कोणता डावा, कोणत्या गावचा पट आणि काय झालं ते.

मी फोन काढला आणि नोट उघडली. पहिल्या ओळीत लिहिलं: ढवळ्या (उजवा), पाखऱ्या (डावा), पहिला नंबर, आर घासलेली. दुसऱ्या ओळीत त्याचे बैल. तोवर त्यानं पलीकडे उभ्या असलेल्या आणखी एका म्हाताऱ्याला हाक मारली होती.